खात्री होईपर्यंत

डॉक्टर आठल्ये दुसऱ्याच्या तोंडात बघत तेव्हा त्यांच्या स्वतःच्या तोंडावरची रेघही हलत नसे. बॅटरीचा झोत गालाच्या आत, लाकडी पट्टीने जीभ बाजूला, डावीकडे, उजवीकडे, टाळू, जिभेखाली, आणि मग "झालं, मिटा." आत मोत्याची नथ सापडली असती तरी त्यांनी तेवढ्याच आवाजात "झालं, मिटा" म्हटलं असतं. मी हे तेव्हा सगळ्यांना कौतुकाने सांगत असे. आईला पत्रातही लिहिलं होतं, की इतका थंड डोक्याचा माणूस मी पाहिलेला नाही. ते पत्र आठवलं की आज माझा मलाच राग येतो.

मी नर्स. मूळची कराडकडची. साठच्या दशकात बदली होऊन तारापूरच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात आले. तेव्हा तिकडे वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. बोईसर स्टेशनवर उतरणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या काखेत वळकटी असायची, आणि कुणीही पँटवाला दिसला की गावातली माणसं त्याला बांधकामावरचा साहेब समजून नोकरीचं विचारायची. आठल्येही पँटवालेच. उंच, किडकिडीत, जाड काड्यांचा चष्मा, हातात पत्र्याची पेटी. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातून ते आले होते, आणि जवळच्याच घिवली या मासेमारांच्या गावातल्या प्रत्येक घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं तोंड दरवर्षी एकदा तपासायचं असं त्यांनी ठरवलं होतं. मदतीला दवाखान्याने मला दिली, कारण मी घिवलीतच राहत होते.

माझी खोली हिरामावशीच्या पडवीला लागून. मावशी पन्नाशीची, नवरा दर्यात गेलेला, मुलगा बोटीवर, घरात सून यमुना. सकाळी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजारात जायची आणि दुपारी रिकामी पाटी आणि बाजारभरच्या बातम्या घेऊन यायची. मी घाटावरची, मला मासे नीट खाता येत नाहीत याची तिला भारी मजा वाटे. बोंबिलाचा काटा कसा ओढायचा हे तिने मला शिकवलं, तापात माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि मला 'बाय' म्हणता म्हणता केव्हा 'पोरी' म्हणायला लागली ते कळलंही नाही. तिची मिश्री साऱ्या आळीत नावाजलेली. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची. मग शेजारच्या चारजणी यायच्या, ओट्यावर बसून हिरड्यांना बोट लावायच्या आणि गप्पा रंगायच्या. दिवसातून पाच-सहा वेळा तरी हे चाले.

पहिल्याच दिवशी एसटीच्या थांब्यापासून गावात चालत येताना डॉक्टरांनी मला त्यांचं काम समजावून सांगितलं. तोंडाच्या कॅन्सरची माणसं त्यांच्या इस्पितळात रोज येत. तंबाखूवर सगळ्यांचा संशय होता.

"पण संशय म्हणजे पुरावा नाही, सिस्टर," ते म्हणाले. "आजारी माणसाला विचारा, तो काहीतरी कारण सांगतोच. त्याला ते हवंच असतं. म्हणून धडधाकट माणसालाही तेच प्रश्न विचारायचे. त्याच क्रमाने, त्याच आवाजात. आणि मग वाट बघायची, की कुणाला होतं आणि कुणाला होत नाही."

"इथेच का?" मी विचारलं.

त्यांनी बांधकामाच्या दिशेने हात केला. "अजून काही वर्षांनी इथे कारखाने येतील, चिमण्या येतील, देशभरची माणसं येतील. मग कुणाला काही झालं तर दहा संशयित असतील. आत्ता एकच आहे."

मला हे बोलणं फार आवडलं. दवाखान्यात मी जुलाबाच्या गोळ्या वाटून कंटाळले होते. इथे कुणीतरी 'का' असं विचारत होतं आणि त्याच्या मागे पायपीट करायला तयार होतं.

त्यांची पद्धत अशी. प्रश्न मी विचारायचे, तोंड त्यांनी बघायचं. मी विचारत असताना त्यांनी ऐकायचं नाही आणि ते बघत असताना मी बघायचं नाही. कारण एखादी बाई मिश्री लावते हे कानावर पडलं, की डोळे तिच्या तोंडात नसलेलंही शोधायला लागतात. माझं प्रश्नांचं कार्ड पिवळं, त्यांचं तपासणीचं पांढरं. दोन्ही कार्डं पेटीच्या दोन कप्प्यांत, आणि जुळवायची त्यांनी एकट्याने, बोईसरच्या भाड्याच्या खोलीत. पांढरं कार्ड मी तीन वर्षांत एकदाही पाहिलं नाही. बघायचा मोहही झाला नाही, इतकी मी त्यांची शिष्या झाले होते.

आता हे सगळं दवाखान्यात ठीक आहे. मासेमाराच्या घरात दोनच खोल्या. त्यामुळे मी पडवीत प्रश्न विचारत असताना हा सहा फुटी माणूस दोन्ही कानांत कापूस घालून, भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायचा. पहिल्या घरातच म्हातारीने मला खुणेने विचारलं, "डाक्तर रुसलाय काय?" मी हसू दाबत नाही म्हटलं. तिला पटलं नाही. तिने आतून चहा आणून त्यांच्या पाठीला बशी टेकवली. दचकून त्यांनी मागे पाहिलं आणि म्हणाले, "मी ऐकत नाहीये हं." त्यानंतर गावात त्यांचं नाव 'रुसका डाक्तर' पडलं. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या वहीत तारखेसह टिपून ठेवलं.

प्रश्न विचारायची तालीम त्यांनी माझ्याकडून आठ दिवस करून घेतली होती. चहा पिता का, मिरची किती खाता, खारी मासळी किती, चुलीपाशी किती वेळ बसता, ताडी, विडी. "सिस्टर, विडी म्हणताना तुमची भुवई वर जाते," ते म्हणत. "तिला भुवई दिसते. मग ती खोटं सांगते. चहाला जी भुवई, तीच विडीला." मी आरशासमोर उभी राहून 'विडी ओढता का' म्हणायचे आणि हिरामावशी दारातून बघून कपाळाला हात लावायची.

एवढं करूनही पहिला महिना पार पाण्यात गेला. त्यांच्या प्रश्नांत 'तंबाखू खाता का' असा प्रश्न होता. गावातल्या झाडून सगळ्या बायकांनी त्याला 'नाय' म्हणून उत्तर दिलं आणि मी इमाने इतबारे पिवळ्या कार्डावर 'नाही' लिहिलं. महिन्याच्या शेवटी डॉक्टर चक्रावून माझ्याकडे बघत होते. त्याच वेळी समोरच्या ओट्यावर हिरामावशी तव्यावर तंबाखू भाजत होती आणि धुराने आम्हा दोघांनाही ठसका लागला होता.

"मावशी, तुम्ही तंबाखू खात नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"छी! बाप्ये खातान तंबाकू," मावशी म्हणाली. "ही मिस्री. ही दात घासाला."

खोटं कुणीच बोललं नव्हतं. ज्याने दात घासायचे ते खाणं कसं असेल? मी स्वतः घाटावरची, माझी आई मिश्री लावते, आणि मलाही ते सुचलं नव्हतं. डॉक्टरांनी महिनाभराची सगळी पिवळी कार्डं एका दोरीत बांधली, वर 'माझी चूक' असं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात केली. एखाद्याने चार घरांवरून बाकीचं भागवून घेतलं असतं. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला होता.

गावाने त्यांना हळूहळू आपलं म्हटलं. दिवाळी झाली की ते येत, दोन महिने राहत. मासळीचा वास त्यांना सोसत नसे, तरी मावशीने पुढे केलेला सुका बोंबील त्यांनी एकदा डोळे मिटून खाल्ला आणि वर पाणी पीत बसले. मावशीच त्यांची खरी कार्यकर्ती. कुणी तोंड दाखवायला लाजली तर मावशी तिच्या घरी जाऊन तिला हाताला धरून आणी. "अगो, फुकट बगतो. काय वावगं असल तं सांगल नं तो! मुंबयचा डाक्तर हाय." आणि स्वतः सगळ्यांत आधी मोठा आ करून बसायची.

वावगं असेल तर सांगेल. गावाने धरून चाललेली गोष्ट एवढीच होती, आणि नेमकी तीच डॉक्टरांच्या पद्धतीत बसत नव्हती.

दुसऱ्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं, की संशय आहे तर बायकांना निदान कमी करायला सांगू या का. आम्ही समुद्राकडे पाठ करून डबा खात होतो. वाळू डब्यात येते म्हणून ते नेहमी समुद्राकडे पाठ करूनच बसत.

"तीन वर्षं कुणाला काही सांगायचं नाही," ते म्हणाले. "आत्ता सांगितलं की निम्म्या जणी सोडतील, निम्म्या जणी सोडली म्हणून खोटं सांगतील, आणि आपल्याकडे काही उरणार नाही. मुंबईत उंदरांना मिश्रीचा अर्क चोपडून पाहिला. उंदरांना काही झालं नाही. उद्या मी म्हटलं मिश्री वाईट, तर लोक म्हणतील, उंदीर तर खेळतायत. मग मी काय दाखवू? उंदीर मिश्री लावत नाहीत, सिस्टर. बाई तीस वर्षं लावते. ते बाईतच बघावं लागतं."

"आणि कुणाला काही दिसलं तर?"

"व्रण दिसला की त्याच दिवशी मुंबईला. तो नियमच आहे."

तसे दोघेजण त्यांनी खरंच नेले होते. स्वतः गाडीत बसवून. त्यामुळे माझं समाधान झालं. नियम मला ठाऊक होता. व्रणाच्या आधी काय दिसतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

तिसऱ्या फेरीनंतर, होळीच्या सुमाराला, हिरामावशीने जवळ्याची चटणी ताटात तशीच ठेवली. तिखट झोंबतंय म्हणाली. मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. मी म्हटलं, बघू. ती हसली. "तुजा डाक्तर आताच तं बगून गेला. कायच नाय बोलला. असल तं बोलला नसता?" तिने महिना तसाच काढला. शेवटी एका दुपारी मी तिला उन्हात बसवून जबरदस्तीने तोंड उघडायला लावलं. डाव्या गालात आतून मांस फुटलं होतं, कडा दगडासारख्या. मी नर्स आहे, मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन मुंबईच्या गाडीत बसले. डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं, धावपळ केली, मोठ्या सर्जनला बोलावून आणलं. त्यात मी त्यांना नावं ठेवणार नाही. मावशीची खाट लागल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "मला मावशीची पांढरी कार्डं बघायचीत."

त्यांनी लपवलं नाही. कपाट उघडून तीन कार्डं माझ्यासमोर ठेवली. डॉक्टरांचा हात सुरेख. प्रत्येक कार्डावर तोंडाचं चित्र होतं, रंगीत पेन्सिलीने काढलेलं. पहिल्या वर्षी डाव्या गालात करंगळीच्या नखाएवढा पांढरा चट्टा. दुसऱ्या वर्षी अंगठ्याएवढा. तिसऱ्या वर्षी त्याची कड उचललेली, मध्ये लाल ठिपके, आणि खाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात, 'पुढच्या फेरीत लक्ष देऊन पाहणे.'

"तुम्हाला तीन वर्षं दिसत होतं," मी म्हटलं.

"असे चट्टे पुष्कळांना असतात," ते म्हणाले. आवाज तोच, चहाचा आणि विडीचा. "बरेचसे तसेच राहतात, काही आपोआप जातात. कुठला पुढे जाणार ते आधी कळत नाही. तेच तर शोधतोय. नुसत्या चट्ट्यावरून बाईला घाबरवणं मला योग्य वाटलं नाही. मिश्रीनेच होतो याची मला खात्री नव्हती. खात्री नसताना मी काय सांगणार होतो?"

मला रडू येत होतं, पण त्यांचं म्हणणं खोडता येईना. खात्री नसताना बोलायचं नाही, हे मीच तीन वर्षं त्यांच्याकडून शिकले होते. मी मान हलवली. खरं सांगते, त्या दिवशी मी त्यांना माफ केलं होतं.

राहायची सोय त्यांनी स्वतःच्या घरीच केली, दादरला. त्यांच्या आई होत्या, सत्तरीच्या, गोऱ्या, बोलक्या. त्यांनी मला गरम वरणभात वाढला, माझ्या गावाची चौकशी केली, आणि पेशंटला काय झालंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, मिश्रीचा संशय आहे.

"अगंबाई, मिश्री!" त्या म्हणाल्या. "मीसुद्धा लावत होते हो. चाळीस वर्षं. सोडली तेव्हा तीन दिवस डोकं फुटायची पाळी आली होती."

"कधी सोडलीत?"

"सोडली कसली, यानेच सोडवली. तुमच्या त्या गावाला पहिल्यांदा जाऊन आला ना, त्याच आठवड्यात. चपलाही काढल्या नव्हत्या. माझी डबी उचलली आणि खिडकीतून खाली भिरकावली. म्हणाला, आई, मी काय बघून आलोय ते तुला सांगत नाही, पण ही आजपासून बंद. आणि रोज बॅटरी घेऊन तोंड बघायचा माझं. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या पेशंटांचं बघ."

त्या हसत होत्या. मी ताटातला भात चिवडत बसले. पहिल्याच वर्षी. म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या चट्ट्याचं चित्र काढून ते घरी आले होते, आणि आल्या पावली आईची डबी फेकली होती. मावशीच्या डबीतली मिश्री मात्र मी पुढची दोन वर्षं भुवई न हलवता कार्डावर मोजून लिहीत होते, दिवसातून पाच वेळा, दिवसातून सहा वेळा.

मी दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात त्यांना गाठलं.

"डॉक्टर, तुमची खात्री होती."

"नव्हती. अजूनही पुरती नाही."

"मग आजींची डबी का फेकलीत?"

त्यांनी चष्मा काढला. त्या चेहऱ्यावर काहीतरी होताना मी पहिल्यांदा पाहिलं. ते कठड्याला धरून उभे राहिले आणि हळू म्हणाले, "आई पाहणीत नव्हती, सिस्टर."

हे उत्तर आहे असं त्यांना एक क्षण वाटलं असावं. मग त्यांना ते स्वतःला ऐकू आलं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, चष्मा डोळ्यांवर ठेवला आणि वॉर्डाकडे निघून गेले. मी जिन्यातच बसून राहिले. मला याआधी कुणी फसवलंच नव्हतं असं नव्हे. पण इतक्या सभ्य माणसाने, इतक्या स्वच्छ अक्षरात, कधी फसवलं नव्हतं.

मावशीचा गाल कापला, नंतर किरणांचे उपचार दिले. ती पावसाळ्यापर्यंत होती. मी सुट्टी मिळेल तशी जायचे. तिचं बोलणं आता तिच्या-माझ्याशिवाय कुणाला कळत नसे. एकदा माझा हात धरून म्हणाली, "डाक्तर रोज येतो बगाला. बरा मानुस. माजीच चूक गो पोरी. मीच लवकर नाय आले. तेला सांगलं नाय नि आंगावर काढलं."

मी तिला सांगायला हवं होतं. चूक तुझी नाही, त्याला आधीपासून माहीत होतं, हे चार शब्द. मी नुसतं तिचं तोंड पुसलं. शेवटच्या दिवसांत कशाला तिचा विश्वास मोडायचा, असं मी स्वतःला समजावलं. डॉक्टरही स्वतःला असंच काहीतरी समजावत असतील.

दिवाळीनंतर आठल्ये चौथ्या फेरीला आले. या वेळी कानात कापूस नव्हता. त्यांनी आळीतल्या बायकांना हिरामावशीच्या अंगणात बोलावलं, उभे राहिले आणि सांगितलं, की मिश्रीने तोंडाचा कॅन्सर होतो असं आता त्यांना वाटतं, ती आजच्या आज सोडा, आणि ज्यांच्या तोंडात पांढरे चट्टे आहेत त्यांची नावं ते वेगळी सांगतील. आवाज कापत होता. मला वाटतं, नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच पद्धत मोडली असावी.

 मग यमुना पुढे आली. तिच्या बोटाला मिश्री लागलेलीच होती.

"तीन वर्सं आमच्या आयचं तोंड बगलास नं तू?"

"हो."

"तवा का नाय बोललास?"

"तेव्हा मला..." ते थांबले. "तेव्हा नीट माहीत नव्हतं."

"तवा म्हाइत नव्हतं, आता म्हाइत हाय. फुडल्या वर्साला येशील नि म्हनशील, मासळीनं होतं." मागच्या दोघीजणी हसल्या, पण यमुना हसली नाही. "आमची आय म्हनायची, काय असल तं डाक्तर बोलल. तू बोलला नाय म्हनून ती लावत रायली. आमी पन लावत रायलो. आता तुज्या बोलन्यावर आमी कसा इस्वास ठेवाचा?"

मग ती माझ्याकडे वळली. "बाय, तू आमच्या घरात रातस. तुला म्हाइत होतं?"

"नाही गं," मी म्हटलं. "मुंबईला गेल्यावर कळलं. पण डॉक्टर आत्ता सांगतायत ते खरं आहे. सोडा तुम्ही."

"मुंबयला कललं. मंग आयला सांगलंस?"

 यमुनाने दोन क्षण वाट पाहिली, मग पाठ फिरवली आणि घरात गेली. एकेक करून बाकीच्याही उठल्या. चट्ट्यांची नावं सांगायला डॉक्टरांना नंतर दारोदार जावं लागलं. दोघीजणी मुंबईला तपासून घ्यायला आल्या. बाकीच्यांनी दार लोटून घेतलं. त्या आठवड्यात आळीत मिश्री भाजायचं थांबलं नाही. मी महिन्याभराने घिवलीची खोली सोडून बोईसरला राहायला गेले. यमुनाने माझं सामान बैलगाडीत चढवून दिलं, नीट दोरी बांधून, एक शब्द न बोलता.

फेरी अर्धवट टाकून डॉक्टर परत निघाले तेव्हा मी एसटीच्या थांब्यापर्यंत त्यांच्यासोबत गेले. का गेले कुणास ठाऊक, सवय असेल. ऊन चढलं होतं. त्यांनी पेटी खाली ठेवली, तिच्यावर बसले, आणि बराच वेळ चपलेतली वाळू झटकत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिस्टर, मावशींची तारीख हवी होती. त्या गेल्या तेव्हा मी मुंबईबाहेर होतो, आणि वॉर्डाच्या नोंदीत दोन वेगवेगळ्या तारखा आहेत. तुम्ही तिथे होतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चुकीची तारीख सांगावी असं फार वाटलं. एक दिवस पुढे किंवा मागे, याहून मोठी शिक्षा त्या माणसाला देता आली नसती, आणि ती देणं माझ्या हातात होतं. पण मग ते कार्ड खोटं पडलं असतं. उद्या कुठेतरी, कुठल्या तरी आळीतल्या बायकांना कुणी खात्रीने सांगणार असेल, तर ते अशाच कार्डांवरून सांगणार होतं. मावशीचं एवढंच उरलं होतं, आणि तेही त्यांच्याच पेटीत होतं.

मी खरी तारीख सांगितली. त्यांनी उभं राहून, पेटी उघडून, ती कार्डावर लिहिली. शाई वाळेपर्यंत कार्डावर फुंकर घातली.

एसटी आली. ते चढले, खिडकीशी बसले, पेटी मांडीवर घेतली. गाडी हलली तेव्हा त्यांनी बाहेर हात काढला.

"येतो, सिस्टर," ते म्हणाले.

जाणाऱ्याने येतो म्हटलं, की 'या' म्हणायचं असतं. मी म्हटलं नाही.